एकाच ब्रुअरीच्या सहा बिअर चाखून गुण कसे द्यावेत: विदर्भातल्या गावासाठी पूर्ण पद्धत

पुण्यात ब्रुअरीच्या दारात बसून बिअर चाखणं वेगळं आणि तीच बिअर दारव्ह्यात, अचलपुरात किंवा साकोलीत चाखणं वेगळं. आपल्याकडे पोचेपर्यंत बाटलीने गोदाम, ट्रक आणि दुकानाची फळी असा सगळा उन्हाळा सोसलेला असतो. म्हणून गुण देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: चवीत दिसलेला दोष ब्रुअरीचा की रस्त्याचा? एखादी सुटी बिअर चाखून हे कळत नाही. एकाच ब्रुअरीच्या पाच-सहा बिअर शेजारी शेजारी ठेवल्या की कळू लागतं, कारण त्यांचं पाणी एक, भांडी एक आणि काम करणारे हात तेच असतात. खालची सगळी मांडणी याच एका निवाड्यासाठी आहे.

खरेदी आणि रस्ता

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. बैठक वर्ध्यात किंवा गडचिरोलीत करायचीच नाही, हे उघड आहे. पण रस्त्याचा विचार बरेच जण विसरतात. नागपूरहून अमरावतीला जाताना कारंजा घाडगे आणि तळेगाव लागतं, चंद्रपूरला जाताना जाम लागतं, आणि ही सगळी गावं वर्धा जिल्ह्यातली. त्यामुळे नागपुरात पेटी भरून या रस्त्यांनी गावी नेण्याचा बेत करू नका. आपल्याच जिल्ह्यातल्या परवानाधारक दुकानाला आठ-दहा दिवस आधी यादी द्या, तो मागवून देतो. गोंदियाकडच्यांना छत्तीसगडातलं दुर्ग जवळ आहे आणि तिथे क्राफ्ट बिअर तयारही होते, पण महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क न भरलेली बाटली सीमेच्या अलीकडे आणणं हा गुन्हा आहे. बसणाऱ्या प्रत्येकाकडे मद्यसेवनाचा परवाना हवा आणि प्रत्येकाचं वय २५ पूर्ण हवं. यादीत तीव्र बिअर असली तरी मग अडचण येत नाही.

प्रत्येक प्रकाराच्या दोन बाटल्या घ्या, आणि दोन्हींचा बॅच क्रमांक एकच असू द्या. दुसरी बाटली का लागते ते शेवटी येईल. उत्पादनाची तारीख तीन महिन्यांच्या आतली बघा. लेबलवर सहा महिन्यांची मुदत छापलेली असली तरी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, वास इतके दिवस टिकत नाही. शक्य असेल तिथे कॅन घ्या, नाहीतर तपकिरी बाटली. हिरव्या आणि पांढऱ्या काचेतून उजेड आत शिरतो. दर्शनी काचेत ट्यूबलाइटखाली मांडलेली बाटली नको, आतल्या फ्रिजमधली मागा. झाकणाखाली वाळलेल्या फेसाचं कडं दिसलं किंवा कॅनचं बूड फुगलेलं असलं तर तो नग परत करा.

किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. पाच जण आणि ३३० मिलीची बाटली असेल तर प्रत्येकी ६० मिली. उरलेले ३० मिली फेसात आणि गाळात जातात. ५०० मिलीचा कॅन असेल तर प्रत्येकी ७५ मिली देऊन सव्वाशे मिली फेरतपासणीला उरतात. सहा बिअरचे ७५-७५ मिली म्हणजे ४५० मिली. सरासरी ५ टक्के धरले तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण १८ ग्रॅम भरतं. याहून जास्त घेतलं तर चौथ्या-पाचव्या ग्लासापासून सगळ्यांचे गुण आपोआप वाढायला लागतात आणि त्या आकड्यांना अर्थ उरत नाही.

ब्रुअरीवाल्यांचा एक ढोबळ हिशेब पाठ असू द्या: ३ अंश सेल्सिअसला ३०० दिवसांत, २२ अंशांना ३० दिवसांत आणि ३२ अंशांना अवघ्या ३ दिवसांत बिअर जवळपास सारखीच शिळी होते. आता अकोल्याचा किंवा ब्रह्मपुरीचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. दुकान ते घर एवढ्या प्रवासालाही थर्माकोलचा डबा आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या लागतात, आणि निघायचं ते भल्या पहाटे. गाडीच्या डिकीत पेटी टाकून लग्नाचं जेवण उरकायला थांबलात तर पुढची सगळी मेहनत वाया. आमचं स्पष्ट मत असं की मार्च ते जून या काळात गुण देण्याची बैठक ठेवूच नये. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा योग्य काळ.

घरी आणल्यावर बाटल्या उभ्या ठेवून चोवीस तास फ्रिजमध्ये विसावू द्या. लोडशेडिंग असेल तर फ्रिजमध्ये गोठवलेल्या बाटल्या ठेवा आणि दार उघडू नका. ओलं गोणपाट कोरड्या उन्हाळ्यात पंचवीस अंशांच्या आसपास उतरवतं. त्याने नुकसान कमी होतं, पण चाखण्याजोगी थंडाई येत नाही, आणि पावसाळ्यात तर ते कामच करत नाही. घाईच असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घाला. त्यात कॅन वीसेक मिनिटांत गार होतो, बाटलीला अर्धा तास लागतो.

ग्लास, पाणी, जागा, जीभ

स्टीलचा पेला चालणार नाही, कारण रंग आणि फेस दिसत नाही. तोंडाशी थोडा आत वळलेला काचेचा ग्लास उत्तम. तो नसेल तर सगळ्यांना एकाच मापाचे साधे सरळ ग्लास द्या. ग्लास धुण्याच्या सोड्याने वेगळे घासा. भाजीची कढई घासलेला चोथा त्यांना लावू नका. भरपूर पाण्याने खंगाळून जाळीवर पालथे ठेवा, फडक्याने पुसू नका. स्वच्छतेची परीक्षा अशी: ग्लास आतून ओला करा आणि चिमूटभर बारीक मीठ भुरभुरा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास चालेल. जिथे चिकटत नाही तिथे तेलाचा थर आहे, आणि तो थर फेस मारून टाकतो. मग बिचाऱ्या बिअरला नाहक गुण कमी पडतात. तपासल्यावर ग्लास पुन्हा खंगाळा.

तोंड धुण्याचं पाणी हा पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातला मोठा मुद्दा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्याने चूळ भरली की जिभेवर खारटपणा राहतो आणि पुढची बिअर गोडसर, बोजड लागते. फिल्टरचं पाणी आणा. ग्लासाचं शेवटचं खंगाळणंही त्याच पाण्याने करा.

खोलीत अगरबत्ती, डास मारायची कॉइल, चुलीचा धूर नको. कूलरच्या खसच्या ताट्यांचा वास सुंदर असला तरी तो हॉप्सच्या वासावर बसतो, म्हणून कूलर बंद ठेवा. शेजारच्या वावरात फवारणी चालू असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी घ्या. दिवसाउजेडी, खिडकीजवळ, मागे पांढरा कागद धरून रंग पाहता येईल अशी जागा निवडा. सकाळी अकराच्या सुमारास जीभ सर्वात ताजी असते.

जिभेचा नियम कडक पाळायचा. खर्रा खाणाऱ्याने निदान दोन तास आधी थांबायचं. चुना आणि तंबाखूने बधिर झालेल्या तोंडाला कडवटपणाची पायरी कळत नाही. आदल्या रात्री सावजी रस्सा किंवा सकाळी तर्री-पोहे झाले असतील तर त्या माणसाला त्या दिवशी ओतण्याचं काम द्या. मध्ये तोंड साफ करायला बिनमिठाच्या जवारीच्या लाह्या, साधे मुरमुरे किंवा बिनमिठाच्या भाकरीचा तुकडा चालतो. शेव, चिवडा, खारे दाणे बैठक संपल्यावर.

आधी नाक तयार करा

वास ओळखता येतो, पण त्याला नाव देता येत नाही, ही नवशिक्यांची खरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे झाकणाच्या दहा-बारा बरण्या. संत्र्याची ताजी साल आणि भरडलेले धने एकत्र ठेवा. बेल्जियन पद्धतीच्या विट या गव्हाच्या गढूळ बिअरमध्ये हेच दोन पदार्थ घातलेले असतात, आणि वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात सालीची कमतरता नाही. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरसाठी पिकलेलं केळं आणि लवंग. माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या वासासाठी, भाजलेली जवारी आणि काकवी. स्टाऊट या काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरसाठी चिकोरी नसलेली कॉफी आणि करपेपर्यंत भाजलेले चणे. हॉप्ससाठी गवती चहा, लिंबाची चुरडलेली पानं आणि कैरीचा चीक. गडद, तीव्र बिअरमधल्या मनुकांच्या वासासाठी वाळलेली मोहफुलं.

दोषांच्या बरण्या निराळ्या ठेवा: वितळवलेलं लोणी, उकडलेलं मक्याचं कणीस, ओला पुठ्ठा, कापलेलं हिरवं सफरचंद, शिरका. उजेड लागलेल्या बिअरचा वास मात्र बरणीत मिळत नाही, तो तयार करावा लागतो. हॉप्स असलेली हलकी बिअर काचेच्या ग्लासात ओतून उन्हात पंधरा मिनिटं ठेवा आणि सावलीत ठेवलेल्या ग्लासाशी ताडून पाहा. जो उग्र, रबर जळल्यागत दर्प येतो तो एकदा नाकात बसला की पुन्हा चुकत नाही.

क्रम आणि तापमान

रंगावरून क्रम लावणं ही नेहमीची चूक. आठ टक्क्यांची तीव्र लागर (कमी तापमानात आंबवलेली, निवळ बिअर) पिवळीधमक असते, पण ती आधी घेतली तर पुढची विट पाण्यासारखी लागते. क्रम ठरवायचा तो कडवटपणा, भाजलेपणा आणि अल्कोहोल यांच्या जोरावरून. सहा बिअरची साधारण मांडणी अशी: हलकी लागर किंवा ब्लाँड (फिकट, सौम्य बिअर), मग विट, मग जर्मन पद्धतीची गव्हाची, मग पेल एल किंवा आयपीए (हॉप्स जास्त असलेल्या कडवट बिअर), मग स्टाऊट, शेवटी तीव्र. आंबट बिअर असेल तर ती आयपीएच्या आधी घ्या.

लागर ४ ते ७ अंशांना, गव्हाच्या दोन्ही ५ ते ८, आयपीए ८ ते १०, स्टाऊट १० ते १३. फ्रिजमधून काढल्यावर आपल्याकडच्या हिवाळी दुपारीही स्टाऊटला पंधराएक मिनिटं बाहेर ठेवावं लागतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल थर्मामीटर एका जादा ग्लासात बुडवून बघा. बर्फगार बिअरमध्ये दोष लपतात, आणि स्वस्त बिअर अगदी गार प्यायला सांगतात त्याचं कारणही हेच.

ओतणं ते शेवटचा घोट

चाखणाऱ्यांपैकी नसलेला एक माणूस आडोशाला ओततो. ग्लासावर नाव लिहायचं नाही, ४१७, ८५२ असे तीन आकडी क्रमांक चिकटवायचे. क्रम त्यालाच माहीत. त्याने आणखी एक काम करायचं: एक बिअर दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा द्यायची. म्हणजे ग्लास सात होतात, त्यामुळे त्या दोन्ही ग्लासांत अर्धंच माप ओता. ज्याच्या कागदावर त्या एकाच बिअरचे दोन आकडे पाचापेक्षा जास्त फरकाने आले, त्याचे त्या दिवसाचे गुण सरासरीत धरू नका.

ग्लास तिरका धरून अर्धा भरा, मग सरळ करून ओता, वर दोन बोटं फेस आला पाहिजे. गव्हाच्या बिअरचा दोन तृतीयांश भाग ओतल्यावर बाटली हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट सगळ्यांना सारखं जातं. हे विसरलं तर पहिल्याला लागरसारखी निवळ बिअर मिळते आणि शेवटच्याला गढूळ पाणी, आणि दोघांच्या गुणांची तुलनाच होत नाही.

ग्लास हातात आला की आधी नाक, डोळे नंतर. काही वास अर्ध्या मिनिटात उडून जातात. तळव्याने ग्लास झाकून दोनदा फिरवा, हात काढा, छोटे छोटे दोन-तीन हुंगे घ्या आणि लगेच लिहा. मग रंग, निवळपणा, फेस किती वेळ टिकला ते बघा. पहिला घोट फक्त जीभ भिजवण्यासाठी, त्यावर मत बनवू नका. दुसरा घोट तोंडभर फिरवा आणि गिळा. वाइनसारखं थुंकायचं नाही, कारण गिळताना घशातून नाकात चढणारा वास आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा हाच बिअरचा अर्धा हिशेब आहे. कडवटपणा किती सेकंद राहिला ते मनात मोजा. तो स्वच्छ मावळला की जांभळासारखा तुरट चिकटून राहिला, हेही लिहा. शेवटचा घोट दहा मिनिटांनी, ग्लास थोडा कोमट झाल्यावर घ्या. दोष तिथेच उघडे पडतात.

सगळे लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. पहिल्याने ‘लोणी’ म्हटलं की पाचही जणांना लोणी लागतं.

पन्नास गुण

जगभर स्पर्धांमध्ये चालणारी, बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची वाटणी वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण छाप १०. पंचेचाळीस आणि त्यावर असामान्य, ३८ ते ४४ उत्कृष्ट, ३० ते ३७ फार चांगली, २१ ते २९ चांगली पण उणिवा असलेली, १४ ते २० सामान्य, त्याखाली सदोष. गुण शैलीच्या, म्हणजे बिअरच्या प्रकाराच्या, मापाने द्यायचे. विटमध्ये गढूळपणा हा गुण आहे, लागरमध्ये तो दोष आहे. तुम्हाला कडू आवडत नाही म्हणून आयपीएचे गुण कापता येत नाहीत. शैली कळल्याशिवाय गुण देता येत नसल्याने ओतणाऱ्याने क्रमांकासोबत शैली सांगावी, नाव सांगू नये.

एका विटचं उदाहरण. रूप २, कारण फेस लवकर बसला. वास ८, संत्र्याची साल ठळक पण धने गायब. चव १३, सुरुवात छान, शेवट पाणचट. स्पर्श ४. एकूण ७. बेरीज ३४. बाकीच्यांचे ३६, ३१, ३५ आणि एकाचे २२ आले. सरासरी काढली तर ३१.६ होते, मधला आकडा घेतला तर ३४. आम्ही मधलाच आकडा घ्यायला सांगू. पण त्याआधी २२ चा शोध लावा. वरच्या आणि खालच्या आकड्यात सातपेक्षा जास्त अंतर असेल तर ती बिअर सगळ्यांना दुसऱ्या ग्लासात थोडी थोडी पुन्हा द्या. बहुतेक वेळा त्या एका ग्लासाला तेल लागलेलं निघतं, किंवा त्या माणसाला असा एखादा वास येत असतो जो बाकीच्यांना येत नाही. दुसरं कारण असेल तर त्याचं म्हणणं गांभीर्याने घ्या. काही वासांसाठी काही नाकं जन्मतःच तीक्ष्ण असतात.

दोष कोणाचा

आता सातही ग्लासांचे कागद एकत्र पसरा आणि आडवे वाचा.

ओल्या पुठ्ठ्याचा वास हलक्या बिअरमध्ये ठळक आणि स्टाऊटमध्ये मोहफुलं-मनुकांसारखा गोड झालेला असेल, आयपीएचा हॉप्सचा वास दबलेला असेल, तर बिअर शिळी आहे. हा बहुधा रस्त्याचा आणि गोदामाचा प्रताप. उग्र रबरी दर्प फक्त हिरव्या बाटलीत आला आणि कॅनमध्ये नाही, तर दोष उजेडाचा. कॅनमध्येही आला असं वाटलं तर पुन्हा हुंगा. कॅनमध्ये उजेड जातच नाही, तेव्हा तो काही हॉप्सना येणारा कांद्यासारखा वास असण्याची शक्यता जास्त.

उकडलेल्या मक्याचा वास मात्र रस्त्यावर तयार होत नाही. तो जवाच्या माल्टमधून येतो आणि माल्टचा काढा नीट, खळखळून उकळला नाही किंवा उकळल्यावर गार करायला वेळ लावला की उरतो. दोन-तीन बिअरमध्ये सापडला तर ते ब्रुअरीच्या कामाचंच लक्षण. लवंग गव्हाच्या बिअरमध्ये हवीच, पण लागर आणि आयपीएमध्येही आली तर कुठूनतरी जंगली यीस्ट शिरलं आहे.

लोण्याच्या वासात गल्लत होते. यीस्टला काम पुरं करायला वेळ न देता बिअर भरली की तिच्यात लोण्याच्या वासाचं कच्चं द्रव्य उरतं, आणि बाटली तापली की त्याचं लोणी होतं. उन्हाने ते बाहेर काढलं, पण ते तिथे ठेवलं घाईने. म्हणून अनेक बिअरमध्ये लोणी लागलं तर जबाबदारी ब्रुअरीची धरा. एकाच बॅचमध्ये लोणी आणि सोबत आंबटपणा असेल तर त्या बॅचला जिवाणू लागले आहेत.

लोखंडी चव एकाच बाटलीत असेल तर झाकणाचा गंज बघा, सगळ्यांत असेल तर पाणी किंवा भांडी. खात्री करायला दोन थेंब मनगटामागे चोळून हुंगा, धातूचा वास त्वचेवर ठसठशीत कळतो. तुरटपणा सहाही बिअरमध्ये सारखा असेल तर धान्य धुण्याच्या पाण्यात खोट आहे. उघडताच फसफसून वर येणारी बाटली चोवीस तास थंड उभी राहूनही तशीच वागली आणि चव पातळ, कोरडी लागली, तर आत आंबणं चालूच आहे.

आणि प्रत्येक समान धागा दोष नसतो. सगळ्या बिअरमध्ये एकच हलका फळांचा वास, एकच कोरडा शेवट सापडला तर तो त्या ब्रुअरीचा हात आहे. त्याची नोंद करा, गुण कापू नका.

ग्लासात जे आहे त्यालाच गुण द्या. ‘ताजी असती तर ४० मिळाले असते’ म्हणून आकडा वाढवायचा नाही, ते शेऱ्यात लिहा. इथेच दुसरी बाटली कामी येते. तीसच्या खाली गेलेल्या किंवा शिळेपणाचा शेरा मिळालेल्या प्रत्येक बिअरची राखून ठेवलेली बाटली आठवडाभरात, तितकीच काळजी घेऊन, निदान तिघांनी पुन्हा चाखा. दोष पुन्हा तसाच दिसला तर तो बॅचचा. दिसला नाही तर पहिली बाटलीच खराब होती, ते गुण रद्द करून नवे धरा. गुणांच्या शेजारी बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, दुकानाचं गाव, दुकानात ती फ्रिजमध्ये होती की फळीवर, आणि चाखल्याचा महिना इतकं लिहिलं नाही तर तो आकडा दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचा नाही.

बैठकीनंतर कोणीही दुचाकी काढू नये. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे, आणि १८ ग्रॅम अल्कोहोल पोटात गेल्यावर ती ओलांडली जाऊ शकते. जेवण आणि मुक्कामाची सोय आधीच करून ठेवा. सावजीचा बेत तेव्हासाठी राखा.